कृत्रिम आमिषांचा इतिहास आणि संग्रहण : अमेरिकेतील बॅस मासेमारीच्या साधनांचा अभ्यास

गोषवारा :

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 'बॅस' या गोड्या पाण्यातील माशाच्या शिकारीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून धातू, लाकूड व पुढे प्लॅस्टिकची कृत्रिम आमिषे तयार होऊ लागली. सुमारे एक डॉलर किमतीच्या या वापराच्या वस्तू आज संग्राहकांच्या दृष्टीने मौल्यवान ठरल्या आहेत. प्रस्तुत लेखात या आमिषांचा विकास, त्यांच्या कालनिश्चितीची साधने आणि संग्रहणामागील मूल्यविचार यांचे विवेचन केले आहे. सामान्य वापराची वस्तू इतिहासाचे साधन केव्हा बनते आणि तिची ही पात्रता कशामुळे नष्ट होते, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : कृत्रिम आमिष, बॅस, भौतिक संस्कृती, संग्रहण, पेटंट, अस्सलता

प्रस्तावना :

इतिहासलेखनाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी व दफ्तरे यांचे स्मरण होते. परंतु गेल्या काही दशकांत भौतिक संस्कृतीच्या अभ्यासाला महत्त्व प्राप्त झाले असून दैनंदिन वापरातील वस्तूही इतिहासाच्या साक्षीदार मानल्या जाऊ लागल्या आहेत. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते व गृहोपयोगी वस्तू पाहणाऱ्यास याची प्रचिती येते. अडकित्ता घडविणाऱ्या कारागिराचे नाव कोणत्याही दफ्तरात सापडत नसले तरी त्याच्या काळाची अभिरुची, धातुविद्या आणि समाजजीवन त्या वस्तूत साठवलेले असते.

अमेरिकेतील जुन्या मासेमारी आमिषांकडे याच दृष्टीने पाहता येते. मासा पकडण्यासाठी गळाला लावलेला रंगीत लाकडी तुकडा हा वरकरणी क्षुल्लक विषय वाटण्याचा संभव आहे. तथापि पेटंट कायदा, टपालसेवा, कारखानदारी, प्लॅस्टिकचा उदय, धरणबांधणी आणि पर्यावरणाचे राजकारण अशा अनेक प्रवाहांचा मागोवा या एकाच वस्तूच्या आधारे घेता येतो.

लेखाची उद्दिष्टे :

१) बॅस मासेमारीच्या कृत्रिम आमिषांच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) जुन्या आमिषांची ओळख व कालनिश्चिती कोणत्या पुराव्यांवर केली जाते, हे विशद करणे.
३) संग्रहणातील मूल्यविचार, विशेषतः अस्सलता व पुनर्रंगकाम यांसंबंधीचा प्रश्न, तपासणे.

सदर लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून तो द्वितीयक साधनांवर आधारित आहे.

बॅस म्हणजे कोणता मासा? :

रायगड जिल्ह्यातील खवय्यांना परिचित असलेल्या जिताड्यास इंग्रजीत 'एशियन सी बॅस' म्हणतात. अमेरिकेतील 'ब्लॅक बॅस'शी त्याचे नाते केवळ नावापुरते आहे. दोहोंची कुळे भिन्न आहेत. ब्लॅक बॅस हा 'मायक्रॉप्टेरस' या प्रजातीतील, उत्तर अमेरिकेच्या नद्या व तळ्यांतील मासा होय. 'लार्जमाउथ' म्हणजे मोठ्या तोंडाचा आणि 'स्मॉलमाउथ' म्हणजे लहान तोंडाचा, या त्याच्या दोन प्रमुख जाती आहेत.

हा मासा मांसभक्षक असून दबा धरून शिकार करतो. पाणवनस्पती, बुडालेली झाडे किंवा खडक यांच्या आडोशाला थांबून तो जवळून जाणारे लहान मासे, बेडूक व झिंगे यांवर झडप घालतो. नजरेबरोबरच शरीराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पार्श्वरेखेद्वारे त्याला पाण्यातील कंपने जाणवतात. त्यामुळे योग्य प्रकारे हलणारी, चमकणारी किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर आवाज करणारी निर्जीव वस्तूही त्याला भक्ष्य भासू शकते. कृत्रिम आमिषाचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

रंगाच्या बाबतीतही अलीकडील संशोधन उद्बोधक आहे. लार्जमाउथ बॅसच्या दृष्टिपटलात तांबडा व हिरवा या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या दोन प्रकारच्या शंकुपेशी आढळतात. लाल डोके व पांढरे शरीर ही रंगसंगती अमेरिकन आमिषांत दीर्घकाळ लोकप्रिय राहिली. निर्मात्यांना शंकुपेशींचे ज्ञान असणे शक्यच नव्हते; त्यांनी तळ्याकाठच्या अनुभवावर भिस्त ठेवली होती.

एकोणिसाव्या शतकात प्रतिष्ठित शिकारी ट्राउट व सॅमन या माशांना मान देत असत. बॅसला ही प्रतिष्ठा मिळवून देण्यात डॉ. जेम्स हेन्शॉल या वैद्यकाच्या 'बुक ऑफ द ब्लॅक बॅस' (१८८१) या ग्रंथाचा वाटा मोठा आहे. बॅस सर्वसामान्यांच्या तळ्यांत व संथ नद्यांत मिळत असल्याने त्याची शिकार ही पुढे मध्यमवर्ग व कामगारवर्ग यांची करमणूक बनली. आमिषांच्या मोठ्या बाजारपेठेचे मूळ येथे आहे.

धातूची आमिषे : चमच्यापासून पेटंटपर्यंत :

कृत्रिम आमिषांच्या अमेरिकन इतिहासाचा आरंभ सामान्यतः ज्युलिओ बुएल याच्यापासून मानला जातो. व्हरमाँटमधील बोमोसीन तळ्यावर नावेत बसून जेवताना त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला, गिरक्या घेत खाली जाणाऱ्या त्या चमच्यावर माशाने झडप घातली आणि त्यातून 'स्पून' आमिषाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. तिची सत्यता पडताळता येत नाही. मात्र १८५२ साली बुएलला आमिषाचे पेटंट मिळाले, हे नोंदलेले आहे. आख्यायिका व दस्तऐवज यांतील हे अंतर पुढील इतिहासातही वारंवार आढळते.

१८५९ साली ओहायो राज्यातील पेन्सव्हिल येथील बंदूक कारागीर रायली हॅस्केल याने माशाच्या आकाराचे तांब्याचे आमिष पेटंट केले. बंदूक घडविणाऱ्याची सूक्ष्म धातुकला त्यात दिसते. या 'हॅस्केल मिनो'च्या मोठ्या आकाराच्या एका नमुन्यास २००३ साली लँग्ज या लिलावसंस्थेच्या विक्रीत १,०१,२०० डॉलर इतकी किंमत मिळाली. एका जुन्या आमिषासाठी लाखाच्या वर डॉलर मोजले गेल्याने या छंदाकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले गेले.

१८८३ हे वर्षही महत्त्वाचे होय. या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील हॅरी कॉमस्टॉक याने 'फ्लाइंग हेलग्रमाइट' नावाच्या आमिषाचे पेटंट घेतले. पेटंट मिळालेल्या आरंभीच्या लाकडी आमिषांत त्याची गणना होते. त्याच वर्षी ओहायोतील अ‍ॅक्रन येथील प्फ्ल्यूगर याने अंधारात चमकणाऱ्या आमिषाचे पेटंट मिळविले.

आमिषाच्या प्रगतीला दोऱ्याच्या रिळाची साथ आवश्यक होती. केंटकी राज्यातील पॅरिस गावचा घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बनविलेल्या, दातेरी चाकांमुळे वेगाने फिरणाऱ्या रिळाने दूरवर फेक करणे शक्य झाले. पुढे मिशिगनमधील कॅलमझू येथील विल्यम शेक्सपिअर या गृहस्थाने दोरा सारख्या थरांत गुंडाळणारे रीळ सिद्ध केले आणि १८९७ साली कंपनी स्थापन केली. नाटककाराशी असलेले त्याचे नामसाधर्म्य सोडल्यास या दोघांत काही समान नाही! परंतु रिळाच्या या सुधारणेमुळे नवशिक्यालाही आमिष फेकता येऊ लागले व ग्राहकवर्ग विस्तारला.

लाकडी आमिषांचा सुवर्णकाळ :

लाकडी आमिषास इंग्रजीत 'प्लग' म्हणतात. त्याच्या इतिहासात जेम्स हेडन (१८४५–१९११) याचे स्थान केंद्रवर्ती आहे. मिशिगनमधील डवाजिॲक या गावी राहणारा हेडन मूळचा मधुमक्षिकापालक होता. त्या क्षेत्रातही त्याची ख्याती होती. १८८५ साली त्याने मधमाश्यांच्या पेटीच्या रचनेचे पेटंट घेतले होते. १८९८ च्या सुमारास गावातील गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत असता चाकूने तासलेला लाकडाचा तुकडा त्याने सहज पाण्यात भिरकावला आणि बॅसने त्यावर झडप घातली, अशी कथा सांगितली जाते. हेडनने हाताने कोरलेले लाकडी बेडूक या आरंभकाळाचे साक्षीदार असून त्यांचे फारच थोडे नमुने शिल्लक आहेत. १९०२ साली उतरत्या नाकाच्या आमिषाचे पेटंट मिळाले आणि व्यवस्थित उत्पादन सुरू झाले.

हेडन व त्याच्या मुलांनी उभारलेल्या कारखान्यातील 'डवाजिॲक मिनो' हे आमिष विशेष गाजले. देवदारवर्गीय लाकडाचे निमुळते शरीर, त्यावर रंगाचे अनेक थर, काचेचे डोळे, पुढे-मागे फिरणारी धातूची पाती आणि तीन किंवा पाच तिहेरी गळ असे त्याचे स्वरूप होते. लहानशा खेळण्याइतक्या या वस्तूत सुतारकाम, रंगकाम, काचकाम व धातुकाम अशी चार कौशल्ये एकत्र आलेली दिसतात.

याच काळात इतर कारखानेही उदयास आले. इंडियानातील साउथ बेंड येथील कंपनीचे 'बॅस-ओरेनो' (१९१५) हे आमिष पुढच्या बाजूस खोबण ठेवल्यामुळे पाण्यात डगमगत चालत असे. इंडियानातीलच गॅरेट येथे हेन्री डिल्स व त्याच्या भागीदारांनी 'क्रीक चब बेट कंपनी' स्थापन केली. या कंपनीने दोन महत्त्वाच्या सुधारणा केल्या. पहिली म्हणजे आमिषाच्या तोंडाशी बसविलेली धातूची जीभ. तिच्यामुळे ओढताना आमिष खाली बुडी मारून जिवंत माशासारखे वळवळते. दुसरी म्हणजे खवल्यांचा भास निर्माण करणारे रंगकाम. जाळीदार कापड ताणून त्यावरून रंगाचा फवारा मारला की जाळीच्या छिद्रांतून खवल्यांची नक्षी उमटते. युक्ती साधी होती, परंतु तिने लाकडाला माशाची त्वचा दिली.

हेडन, शेक्सपिअर, प्फ्ल्यूगर, क्रीक चब व साउथ बेंड या पाच कंपन्यांना संग्राहक 'बिग फाइव्ह' म्हणून ओळखतात. मिशिगनमधील पॉ पॉ या कंपनीचा समावेश करून काही जण ही संख्या सहा मानतात. यांपैकी बहुतेक कारखाने मिशिगन, इंडियाना व ओहायो या परस्परलगतच्या राज्यांत होते. विपुल तळी, लाकडाची उपलब्धता, यांत्रिक कौशल्य असलेला कामगारवर्ग आणि रेल्वेचे जाळे यांचा तेथे झालेला संगम हे या केंद्रीकरणाचे कारण मानता येते. वितरणाच्या बाजूने पाहता, १८९६ पासून सुरू झालेली ग्रामीण घरपोच टपालसेवा व १९१३ ची पार्सल टपाल योजना यांमुळे सचित्र सूचिपत्रावरून वस्तू मागविणे खेड्यातील ग्राहकालाही सुलभ झाले.

या वस्तूंमागील श्रमांचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. पेटंटवर मालकांची नावे आहेत. परंतु कारखान्यांच्या जुन्या छायाचित्रांत रंगकाम व जुळणी करणाऱ्यांमध्ये स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. आज ज्या रंगांच्या छटांवर संग्राहक लुब्ध होतात, त्या छटा उमटविणाऱ्या हातांची नावे बहुतांशी अज्ञात आहेत.

प्लॅस्टिक, युद्ध आणि स्पर्धा :

१९३० च्या दशकाच्या आरंभी हेडन कंपनीने पारदर्शक प्लॅस्टिकची आमिषे 'स्पूक' म्हणजे भूत या नावाने बाजारात आणली. आरंभीचे प्लॅस्टिक टिकाऊ नव्हते. काळाच्या ओघात ते आक्रसते, तडकते आणि काही वेळा त्याचा भुगा होतो. त्यामुळे तुलनेने अलीकडच्या असूनही या वस्तू चांगल्या स्थितीत मिळणे कठीण असते. नंतर सुधारित प्लॅस्टिकमध्ये आलेले 'झारा स्पूक' हे आमिष आजही उत्पादनात आहे.

अ‍ॅक्रन येथील फ्रेड आर्बोगास्ट याचे 'जिटरबग' (१९३८) हे आमिष रुंद धातूच्या ओठामुळे पाण्यावर डावी-उजवीकडे झोके घेत खळखळ आवाज करते. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई निर्माण झाल्यावर त्यास प्लॅस्टिकचा ओठ बसविण्यात आला. आज प्लॅस्टिकच्या ओठाचे जिटरबग हाती आले की ते युद्धकाळातील असल्याचे अनुमान करता येते. जागतिक युद्धाचा परिणाम एका करमणुकीच्या वस्तूवर असा कोरला गेला आहे. १९४९ साली त्याच अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम याने मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ तयार केला आणि लाकडी आमिषांच्या वर्चस्वाला मोठा शह बसला.

पाणीही बदलत होते. १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली प्राधिकरणाच्या व अन्य धरणांमुळे मोठे जलाशय निर्माण झाले व त्यांत बॅसला विस्तीर्ण अधिवास लाभला. १९६७ साली रे स्कॉट याने आर्कान्सामधील बीव्हर जलाशयावर बॅस मासेमारीची स्पर्धा भरविली व १९६८ साली 'बॅस अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी' स्थापन केली. याच सुमारास टेनेसीतील ओक रिज येथील फ्रेड यंग हाताने बाल्सा लाकडाची 'बिग ओ' ही गुबगुबीत आमिषे कोरत होता. स्पर्धकांत त्यांना एवढी मागणी होती की ती भाड्याने घेतली जात, असे सांगितले जाते. १९७३ साली कॉटन कॉर्डेल याच्या कंपनीने तिची प्लॅस्टिक आवृत्ती आणली आणि हस्तकौशल्याची ही शेवटची मोठी लाट कारखान्यात विलीन झाली.

जुन्या कंपन्यांचा अस्त आणि संग्रहणाचा उदय यांचा काळ जवळजवळ एकच आहे. क्रीक चब कंपनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस विकली गेली. हेडनचे उत्पादन १९८० च्या दशकात डवाजिॲकमधून हलले. वस्तू वापरातून जाऊ लागली की तिच्याविषयी स्मरणाची ओढ निर्माण होते, या सर्वसाधारण प्रवृत्तीचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

संग्रहण व कालनिश्चिती :

१९७६ साली 'नॅशनल फिशिंग ल्युअर कलेक्टर्स क्लब' ही संस्था स्थापन झाली. १९८० साली कार्ल लकी याचा ओळख व मूल्यविषयक मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध झाला. विखुरलेल्या छंदाला यामुळे समान परिभाषा मिळाली. जुन्या आमिषांची कालनिश्चिती प्रामुख्याने पुढील पुराव्यांवर केली जाते.

१) पेटंटचा दिनांक : क्रीक चबच्या धातूच्या जिभेवर ७ सप्टेंबर १९२० हा पेटंट दिनांक ठोकलेला आढळतो. याचा अर्थ ती वस्तू त्या दिवशी बनली असा होत नाही. ती त्या दिनांकानंतरची आहे, एवढेच सिद्ध होते. नाणेशास्त्राच्या अभ्यासकांना हा भेद परिचित आहेच.

२) गळ जोडण्याची पद्धत : आरंभी साधा डोळ्याचा स्क्रू, पुढे धातूच्या वाटीत बसविलेला स्क्रू, नंतर इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराची जोडणी, त्यानंतर दोन भागांची व एका भागाची पट्टी असा क्रम हेडनच्या आमिषांत दिसतो. मडक्यांच्या काठाच्या आकारावरून पुरातत्त्वज्ञ थर ओळखतात, तद्वतच संग्राहक या जोडणीवरून दशक ओळखतात.

३) डोळे : डोळे नसलेली, काचेच्या डोळ्यांची आणि रंगविलेल्या डोळ्यांची असे भेद आहेत. काचेच्या डोळ्यांचे लाकडी आमिष सामान्यतः अधिक जुने व अधिक मूल्यवान मानले जाते. मात्र केवळ या एका लक्षणावर निर्णय करणे धोक्याचे ठरते.

४) रंग व त्यावरील भेगा : जुन्या रंगावर वयोमानाने सूक्ष्म भेगांचे जाळे पडते. लाकूड व रंग यांचे आकुंचन-प्रसरण भिन्न प्रमाणात होत असल्याने असे घडते.

५) वेष्टन : आरंभीच्या सरकत्या झाकणाच्या लाकडी पेट्या, नंतरचे पुठ्ठ्याचे डबे, त्यांवरील माशाच्या चित्राची दिशा व कंपनीचा पत्ता यांवरून काळ ठरविता येतो. योग्य डबा सोबत असल्यास मूल्य लक्षणीय वाढते. डबा सामान्यतः फेकून दिला जाई, म्हणूनच तो दुर्मीळ झाला.

स्थितीनुसार मूल्यांकनासाठी क्लबने एक ते दहा अशी श्रेणी रूढ केली आहे. मूळ डब्यातील न वापरलेली वस्तू दहाव्या श्रेणीत येते. येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. आमिष पाण्यात टाकण्यासाठी बनविले गेले. परंतु जे कधीच पाण्यात पडले नाही, त्याचे मोल सर्वाधिक! माशाच्या दातांच्या खुणा असलेले आमिष आपले कार्य केल्याचा पुरावा बाळगते आणि त्याच कारणाने बाजारात मागे पडते. बाजारमूल्य व ऐतिहासिक मूल्य एकरूप नसतात, हे यावरून स्पष्ट होते.

१९९५ साली सुरू झालेल्या ई-बे या लिलावसेवेने या क्षेत्राचे स्वरूप पालटले. माळ्यावर पडून असलेल्या पेट्या बाहेर आल्या. दुर्मीळ समजल्या जाणाऱ्या काही वस्तू विपुल असल्याचे उघड झाले, तर खरोखर दुर्मीळ वस्तूंची चढाओढ वाढली. वस्तू प्रत्यक्ष हाताळल्याविना खरेदी होऊ लागल्याने बनावटीचा धोकाही वाढला.

जतनाचे प्रश्न :

लाकडी आमिषांना आर्द्रता व तीव्र ऊन यांपासून धोका असतो. परंतु सर्वांत अनपेक्षित हानी एका आमिषाकडून दुसऱ्याला होते. मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळात त्यास लवचीक ठेवणारी रसायने असतात. असे गांडूळ जुन्या रंगीत किंवा कठीण प्लॅस्टिकच्या आमिषाला चिकटून दीर्घकाळ पेटीत राहिले, तर ही रसायने झिरपून रंग वितळवितात व पृष्ठभागावर खड्डे पाडतात. संग्राहक यास 'वर्म बर्न' असे म्हणतात. एकाच पेटीत आजोबांची लाकडी व नातवाची प्लॅस्टिकची आमिषे ठेवल्याने अनेक चांगले नमुने नष्ट झाले आहेत.

अस्सलता व पुनर्रंगकाम : मूलभूत प्रश्न :

जुन्या आमिषाचा रंग उडालेला असेल, तर त्यास पुन्हा रंग द्यावा काय? सौंदर्यदृष्टीने पाहिल्यास उत्तर होकारार्थी वाटेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र पुनर्रंगकाम म्हणजे पुरावा पुसणे होय. मूळ रंगात कारखान्याची पद्धत, थरांचा क्रम, त्या वर्षीचे रंगद्रव्य आणि अनाम कामगाराच्या हाताची लय असते. नवा थर चढला की हे सर्व झाकले जाते. आणि रंग खरवडून दिला असेल तर ते कायमचे नाहीसे होते. आपल्याकडे जुन्या वाड्यातील कोरीव खांबांवर उत्साहाने ऑइलपेंट चढविला जातो, तेव्हा नेमके हेच घडते. हेतू चांगला असतो, परंतु नक्षीच्या खाचा बुजतात आणि मूळ रंगाची माहिती लोपते.

संग्राहकांच्या समुदायात पुनर्रंगकाम स्वतः निषिद्ध नाही. ते उघड न करता वस्तू विकणे निषिद्ध मानले जाते. हा भेद महत्त्वाचा आहे. एखाद्याने आजोबांचे आमिष स्वतःसाठी रंगविले, तर ती कौटुंबिक स्मृती ठरते. तेच आमिष 'मूळ' म्हणून विकले गेले, तर त्यात ग्राहकाची फसवणूक होतेच. शिवाय पुढील अभ्यासकाच्या नोंदीत एक खोटा रंग, एक खोटे वर्ष शिरते. आर्थिक नुकसान भरून निघू शकते, पण दूषित झालेली नोंद शोधून काढणे फार कठीण असते. म्हणूनच दुरुस्ती केल्यास ती लेखी नोंदविणे हा या क्षेत्रातील मूलभूत शिष्टाचार मानला पाहिजे.

पुराव्याच्या अभावी काय घडते, याचे उदाहरण जॉर्ज पेरीच्या विक्रमी माशात सापडते. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील मॉन्टगोमेरी तळ्यात त्याने २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १०.०९ किलोग्रॅम वजनाचा लार्जमाउथ बॅस पकडला. महामंदीचे दिवस होते. माशाचे वजन नोंदविले गेले आणि घरच्यांनी तो खाल्ला. आमिष क्रीक चब कंपनीचे होते, परंतु ते 'विगलफिश' की 'फिनटेल शायनर' याविषयी मतभेद आहेत. मासा उरला नाही आणि आमिषही निश्चित झाले नाही. त्यामुळे या शिकारीविषयी नव्वदहून अधिक वर्षे चर्चा सुरू आहे. पेरीच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी कुटुंबाचे अन्न महत्त्वाचे होते, आणि ते योग्यच होते.

पर्यावरणीय संदर्भ :

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. मासेमारीच्या लोकप्रियतेतून संवर्धनाचे कायदे आले. १९२६ च्या ब्लॅक बॅस कायद्याने बेकायदा पकडलेल्या बॅसच्या आंतरराज्य वाहतुकीस प्रतिबंध केला. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारी साधनांवरील उत्पादन कराचे उत्पन्न राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाकडे वळविले. म्हणजेच आमिष विकत घेणारा ग्राहक अप्रत्यक्षपणे माशाच्या रक्षणास हातभार लावतो.

याउलट जपानचे उदाहरण सावध करणारे आहे. १९२५ साली तेथील आशी सरोवरात लार्जमाउथ बॅस सोडण्यात आला. पुढे तो देशभर पसरला व स्थानिक माशांना घातक ठरला. २००५ साली तेथील परकीय आक्रमक जातींविषयीच्या कायद्याखाली त्यावर निर्बंध आले. २ जुलै २००९ रोजी बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पेरीच्या विक्रमाशी बरोबरी करणारा बॅस पकडला. त्याचे वजन सुमारे एक औंसाने अधिक होते. परंतु विक्रम मोडण्यास किमान दोन औंस अधिक वजन लागत असल्याने दोघांचा विक्रम समान मानला गेला. ज्या जलाशयात हा मासा उपद्रवी समजला जातो, तेथेच तो विक्रमी वाढला, आणि तोही कृत्रिम आमिषाने नव्हे तर जिवंत माशाच्या आमिषाने पकडला गेला! खेळाचे प्रेम एखाद्या प्राण्याला त्याच्या मायभूमीबाहेर नेते, तेव्हा त्याची किंमत तेथील निसर्गाला मोजावी लागते.

निष्कर्ष :

१) बॅस आमिषांचा विकास धातू, लाकूड, कठीण प्लॅस्टिक व मऊ प्लॅस्टिक अशा टप्प्यांनी झाला. प्रत्येक टप्पा तत्कालीन तंत्रज्ञान, टपालव्यवस्था व बाजारपेठ यांच्याशी निगडित आहे.

२) बुएलचा चमचा व हेडनचा लाकडी तुकडा यांसारख्या उगमकथा लोकप्रिय असल्या तरी इतिहासलेखनात पेटंट, सूचिपत्रे व प्रत्यक्ष वस्तू यांनाच अग्रक्रम द्यावा लागतो.

३) गळाची जोडणी, डोळे, रंग व वेष्टन यांच्या तौलनिक अभ्यासातून हौशी संग्राहकांनी विकसित केलेली कालनिश्चितीची पद्धत पुरातत्त्वविद्येच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. विद्यापीठाबाहेरील व्यक्तींनी घडविलेले हे ज्ञान दुर्लक्षणीय नाही.

४) बाजारमूल्य वाढल्याने वस्तू जतन होतात, परंतु त्याच कारणाने बनावट व छुपे पुनर्रंगकामही वाढते. नोंद व प्रामाणिक प्रकटीकरण हाच त्यावरील उपाय होय.

या विवेचनातून आपल्या महाविद्यालयांसाठीही एक कार्य सूचित होते. कोकणकिनाऱ्यावरील गरी, पाग, डोल जाळी व रापण ही साधने झपाट्याने बदलत आहेत. हाताने विणलेल्या जाळ्यांची जागा नायलॉनने केव्हाच घेतली आहे. ही साधने लिलावात विकली जात नाहीत, म्हणून ती कुणी जपून ठेवलेली नाहीत. इतिहास, प्राणिशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन साधनाचे स्थानिक नाव, साहित्य, बनविणाऱ्याची माहिती व वापराची पद्धत यांची विद्यार्थ्यांकरवी नोंद करविली, तर अत्यल्प खर्चात मोलाचे साधन उभे राहील. अमेरिकेतील आमिष रंगविणाऱ्या स्त्रियांची नावे आज मिळत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर जाळे विणणारी पिढी मात्र अद्याप हयात आहे. तिला विचारण्याची वेळ हीच आहे.